पोलिसांच्या हातातली डिग्री

पोलीस आणि डिग्री हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला आठवते ती थर्ड डिग्री. शब्द अमेरिकेतून आलाय. 1931 मध्ये तिथल्या विकरशॅम आयोगाने पोलीस कोठडीतल्या मारहाणीवर अख्खा अहवालच काढला होता. गंमत म्हणजे त्याच आयोगासाठी पोलीस खात्यावरचा अहवाल तयार करणारा माणूस आयुष्यभर सांगत होता की पोलिसाला खरी, कॉलेजातली डिग्री हवी.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे मोबाईलवर सारख्या दिसणाऱ्या जाहिराती: 'क्रिमिनल जस्टिस लीडरशिप'मध्ये ऑनलाइन मास्टर्स करा, नोकरी सांभाळून, घरबसल्या. आपल्याकडची पोरंही विचारतात, हे नक्की काय प्रकरण आहे? उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

तो माणूस म्हणजे ऑगस्ट व्होल्मर. स्वतःचं शिक्षण जेमतेम शाळेपुरतं. फिलिपिन्सच्या लढाईत सैनिक, मग कॅलिफोर्नियात बर्कले गावचा पोस्टमन. 1905 मध्ये गावाने त्याला मार्शल म्हणून निवडून दिलं, पुढे तो तिथला पोलीसप्रमुख झाला. त्या काळी पोलिसाची नोकरी राजकारण्याच्या वशिल्याने मिळायची आणि बिल्ला लावला की दुसऱ्या दिवशी बंदोबस्तावर. व्होल्मरने 1908 मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली, 1916 मध्ये शेजारच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उन्हाळी वर्ग सुरू केले, कॉलेजची मुलं भरती केली. जुने पोलीस त्यांना 'कॉलेज कॉप' म्हणून चिडवायचे. त्यातल्याच जॉन लार्सन नावाच्या पीएचडी झालेल्या शिपायाने 1921 मध्ये खोटं पकडायचं यंत्र बनवलं. (त्या यंत्रावर विश्वास किती ठेवायचा, हा वेगळा विषय.)

तरी पुढची तीस-चाळीस वर्षं हा नाद मोजक्या गावांपुरताच राहिला. चित्र पालटलं साठच्या दशकात. शहरं पेटली, 1965 मध्ये लॉस एंजेलिसचं वॉट्स, 1967 मध्ये नेवार्क आणि डेट्रॉइट, आणि बहुतेक ठिकाणी ठिणगी पडली ती पोलिसांच्या एखाद्या कारवाईतून. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने 1967 मध्ये सांगितलं की हळूहळू प्रत्येक पोलीस पदवीधर असावा. 1968 मध्ये कायदा झाला आणि सरकारने पोलिसांच्या शिक्षणासाठी तिजोरी उघडली. कर्ज घ्या, शिका, नोकरीत राहा, दर वर्षाला पाव हिस्सा कर्ज माफ!

मग काय, कॉलेजांनी धडाधड विभाग उघडले. न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजने एकच तास सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी ठेवला, म्हणजे ड्युटी बदलली तरी पोलिसाचा वर्ग बुडायला नको. हे चांगलं उदाहरण. पण सगळीकडे असं नव्हतं. 1978 मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने झाकण उघडलं: कित्येक ठिकाणी निवृत्त किंवा अर्धवेळ पोलीसच शिकवतात, शिकवतात ते अकादमीतलंच, आणि नाव मात्र उच्च शिक्षणाचं. त्यांची सूचना सरळ होती. नोकरीतल्या पोलिसाला डिग्री चिकटवण्यापेक्षा आधी शिकलेल्या माणसाला पोलीस करा. सगळे पोलीस 1982 पर्यंत पदवीधर व्हावेत, असं आणखी एका आयोगाने ठरवलं होतं. 1982 उजाडलं तेव्हा पोलीस पदवीधर झाले नव्हतेच, उलट पैसे देणारी सरकारी संस्थाच बंद पडली.

मॅसॅच्युसेट्स राज्याची कथा तर खास आहे. 1970 च्या क्विन कायद्याने तिथे डिग्रीला थेट पगार जोडला. पदवीला 20 टक्के वाढ, मास्टर्सला 25 टक्के, निम्मा खर्च राज्याचा, निम्मा गावाचा. साहजिकच डिग्र्यांचा पूर आला. काही कॉलेजांचे कोर्स इतके पातळ झाले की राज्याला दर्जाचे नियम कडक करावे लागले. 2009 नंतर राज्याने आपला वाटा आखडता घेतला, पोलीस कोर्टात गेले, आणि 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याचा वाटा गावाने भरायची गरज नाही.

आता ऑनलाइन मास्टर्सकडे. फिनिक्स विद्यापीठाने 1989 मध्ये ऑनलाइन पदव्या सुरू केल्या आणि पाळीत काम करणाऱ्या पोलिसांना, तुरुंग अधिकाऱ्यांना त्या सोयीच्याच होत्या. साधारण दहा-बारा विषय, एकेक सात-आठ आठवड्यांचा: बजेट, नीतिमत्ता, आकडेवारी वाचणं, माणसं सांभाळणं, शेवटी एक प्रकल्प. शिकणारा बहुधा सार्जंट किंवा लेफ्टनंट, डोळा पुढच्या बढतीवर. त्यात वाईट काही नाही. रात्रपाळी करून अभ्यास करणाऱ्याला मी तरी हसणार नाही. पण शर्मन यांचे प्रश्न आजही तसेच लागू आहेत: शिकवतंय कोण, आणि शिकणारा आपल्याच खात्याला प्रश्न विचारायला शिकतोय का?

आपल्याकडे उलटी गंगा. शिपाई भरतीला बारावी पुरते, पण मैदानावर धावायला एमए, इंजिनिअर झालेली पोरं उभी असतात. म्हणजे शर्मन यांना हवा होता तो 'आधी शिकलेला' उमेदवार आपल्याला बेरोजगारीने फुकटात दिलाय. त्याच्या शिक्षणाचा खात्यात उपयोग किती होतो, हे कुणीतरी विचारायला हवं.

आणि शिक्षणाने वागणं बदलतं का? रायडबर्ग आणि टेरिल या अभ्यासकांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या दोन मध्यम शहरांचा अभ्यास मांडला. कॉलेज शिकलेले पोलीस अटक किंवा झडती इतरांइतकीच करत होते. बळाचा वापर मात्र कमी करत होते.