टेल मी अबाउट युवरसेल्फ: एका प्रश्नाचा इतिहास

आपल्या मुकुंदवाडीतल्या कितीतरी मुली सध्या मुलाखतीची तयारी करतायत. कुणाला चिकलठाण्याच्या कंपनीत ऑफिसचं काम हवंय, तर कुणाला बँकेत. कॉम्प्युटर येतो, लेखी परीक्षाही पार पडते, पण गाडी अडते ती पहिल्याच प्रश्नावर: ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ मग कुठूनतरी छापील उत्तर आणायचं, घोकायचं, आणि मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळंच विसरायचं.

खरं तर साहेबापुढे परक्या भाषेत बोलायची वेळ आपल्या भागाला नवी नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणंही उर्दूतूनच असे. घरात मराठी आणि कचेरीत दुसरी भाषा, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेलं आहे. पुढे उर्दूच्या जागी इंग्रजी आली, एवढंच.

आता दोन बायकांची गोष्ट ऐका. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारचा हंटर आयोग पुण्यात आला. त्याच्यापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. पहिला प्रश्न असा, की या विषयावर बोलण्याइतका तुमचा अनुभव काय? म्हणजे आपलं ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’च! रमाबाईंनी वडिलांपासून सुरुवात केली. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना फार सोसावं लागलं होतं. अशा घरातली मी लेक, म्हणून हे काम माझं, असं त्यांनी मांडलं. बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, ही मागणीही केली. आणि हे सगळं मराठीत! हंटरसाहेबांनी त्या साक्षीचं इंग्रजी भाषांतर करवून ते छापलं.

दुसऱ्या आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांची बदली बंगालमध्ये श्रीरामपूरला झाली होती. डॉक्टरकी शिकायला आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या, तेव्हा गावभर चर्चा सुरू झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत बोलल्या. वय अठराही पुरं नव्हतं. लोक जे विचारत होते, त्याचे त्यांनी सहा प्रश्न केले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? काही संकट आलं तर? कुठल्याच बाईनं केलं नाही ते तूच का करावंस?

एकेक प्रश्न घेऊन त्यांनी उत्तर दिलं. इथे शिकणं अवघड का, तर मुंबईत पुस्तकं घेऊन शाळेत जाताना लोक खिडकीतून डोकावून कसे हसत, ते सांगितलं. एकटी का, तर पैसा पुरत नाही आणि यजमानांवर घरच्यांचा भार आहे, हेही लपवलं नाही. बहिष्काराचं म्हणाल तर, खाणंपिणं आणि पोशाख तिथेही इथल्यासारखाच ठेवीन, म्हणाल्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

मैत्रिणींनो, या दोघींची उत्तरं दुसऱ्या कुणाला देताच आली नसती, कारण त्यांत त्यांचं स्वतःचं जगणं होतं. आपण पाठ करतो ते ‘आय अॅम हार्डवर्किंग’ कुणीही म्हणू शकतं. त्याऐवजी सकाळचं घरकाम आटपून, बस पकडून तीन वर्षं कॉलेज केलं, एवढं सांगितलं तर कष्टाळू हा शब्द वापरायचीही गरज नाही.

म्हणून तयारीची सुरुवात मराठीतून करा. वहीत सहा प्रश्न लिहा: मी कोण, काय शिकले, हेच काम का, मला काय येतं, काय अजून शिकायचंय, अडचण आली तेव्हा काय केलं. प्रत्येकाखाली स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट लिहा. मग तिची छोटी छोटी इंग्रजी वाक्यं करा आणि बहिणीला किंवा मैत्रिणीला समोर बसवून मोठ्यानं बोला. तिला प्रश्न उलटसुलट विचारायला सांगा, म्हणजे घोकंपट्टी चालणारच नाही. शब्द अडला तर दुसरा सोपा शब्द घ्या, पण थांबू नका.

आणि एक. ‘लग्न कधी करणार, मूल झाल्यावर नोकरी सोडणार का,’ असं आजही मुलींना विचारतात. आनंदीबाईंना विचारलेले प्रश्न याच जातीचे होते. गडबडून जाऊ नका. घरचा सगळा हिशेब तिथे मांडायची गरज नाही. कामाची वेळ मी पाळीन, जबाबदारी पुरी करीन, एवढं इंग्रजीत शांतपणे सांगता येईल असं एक वाक्य घरूनच तयार करून न्या.