मुंबईची तबकडी, शिकागोचा ठेका : ‘आधी कोण?’ हा प्रश्न अपुरा का आहे

१/
१९८२ साली चेंबूरच्या आर. के. फिल्म्सचा ‘प्रेम रोग’ प्रदर्शित झाला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, आणि त्यामागे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा तो सुपरिचित भरगच्च वाद्यवृंद. त्याच वर्षी, त्याच शहरात, अशा वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवणाऱ्या एका वादकाने तीन यंत्रे पुढ्यात मांडली आणि दहा राग ध्वनिमुद्रित केले. वादकाचे नाव चरणजित सिंग. तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. प्रकाशक एच.एम.व्ही. आज जगभरचे संग्राहक या तबकडीच्या मूळ प्रतीसाठी धडपडतात. का, ते या धाग्यात पाहू.

२/
प्रथम माणूस. चरणजित सिंग हे स्टुडिओतले वादक. गिटार, बास, कीबोर्ड अशी अनेक वाद्ये त्यांच्या हाती होती. आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांसाठी त्यांनी वाजवले आणि चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही काढल्या. पण या व्यवसायाची रीतच अशी होती, की पडद्यावरच्या श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार आणि गायक यांना जागा मिळे, वादकांना क्वचितच. गाणे सर्वांच्या ओठी आणि वाजवणारा अनामिक, हे चित्र दशकानुदशके टिकले. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथासाठी मुंबईतील अशा वादकांच्या मुलाखती घेतल्या, तोवर त्यांच्या आठवणी बहुतांशी घराघरांतच राहिल्या होत्या.

३/
आता काळ. १९८० च्या ‘कुर्बानी’तून नाझिया हसन आणि संगीतकार बिड्डू यांनी डिस्को घरोघरी पोहोचवला. १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीताने सजलेला ‘डिस्को डान्सर’ आला. म्हणजे चरणजित सिंग यांनी तबकडीच्या नावात ‘डिस्को’ हा शब्द घातला, तो भविष्याचा वेध घेण्यासाठी नव्हे. बाजारात जे चालत होते, त्याला त्यांनी आपल्या परीने दिलेला तो प्रतिसाद होता. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

४/
आणि यंत्रे. ती जपानच्या रोलँड कंपनीची होती आणि सिंग यांनी सिंगापुरात घेतली होती. ज्युपिटर-८ हा महागडा सिंथेसायझर. टीआर-८०८ हे ताल देणारे यंत्र. आणि टीबी-३०३ ही लहानशी पेटी. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी बासची साथ मिळावी, म्हणून ती काढली होती. तिचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा नव्हता आणि तिच्यात सुरावट भरणे किचकट होते. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

५/
मात्र त्या पेटीत एक सोय होती : एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. तिला मींड म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरी रागसंगीतावर वाढलेल्या कानाला ती ओळखीची वाटणारच. सिंग यांनी रागाचे स्वर पेटीत भरले, खाली ८०८ चा अखंड ठेका ठेवला आणि वर ज्युपिटरवर रागाची बढत केली. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी : असे दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. आलापाला अवकाश जवळजवळ नाही. ठेका क्षणभरही थांबत नाही. तबकडी बाजारात आली आणि फारशी खपली नाही.

६/
आता शिकागोकडे वळू. तेथील ‘वेअरहाऊस’ या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत. त्या क्लबच्या नावावरूनच ‘हाऊस’ ही संज्ञा रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. १९८४ मधील जेसी सॉन्डर्स यांची ‘ऑन अँड ऑन’ ही पहिल्या हाऊस तबकड्यांपैकी एक. तिची जन्मकथा संग्राहकांना विशेष प्रिय आहे. इतर ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून केलेली एक तबकडी सॉन्डर्स यांच्या संग्रहातून चोरीला गेली. ती भरून काढण्यासाठी त्यांनी व्हिन्स लॉरेन्स यांच्या साहाय्याने यंत्रांवर तशीच नवी घडवली. जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून तो पुन्हा पुन्हा फिरवणे, म्हणजे सॅम्पलिंग, हा पुढे या संगीताचा स्थायीभाव झाला.

७/
त्याच शहरातील ‘फ्यूचर’ या गटाच्या हाती टीबी-३०३ आली. अपयशी यंत्र म्हणून ती तेव्हा जुन्या बाजारात स्वस्तात मिळे. तिच्या खुंट्या पिरगाळता पिरगाळता चमत्कारिक, किंचाळता आवाज निघाला. १९८७ मध्ये त्यांची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ प्रकाशित झाली आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’ या प्रकाराला नाव मिळाले. या घटनाक्रमात मुंबईचा उल्लेख कोठेही नाही.

८/
२००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत सिंग यांची तबकडी सापडली. ऐकताच तो चकित झाला : हा तर अ‍ॅसिड हाऊसचा आवाज आणि साल मात्र १९८२! त्याने मुंबईत सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. काहींना ती एखाद्या समकालीन संगीतकाराने केलेली थट्टाच वाटली. तो संशय मिटवायला नुसते ऐकणे पुरणारे नव्हते. एच.एम.व्ही.ची जुनी प्रत आणि हयात असलेला वादक, हे दोन पुरावे निर्णायक ठरले. कागद बोलत नाहीत तेथे वस्तू साक्ष देते, ती अशी.

९/
लगेच मथळे झळकले : ‘अ‍ॅसिड हाऊसचा जनक मुंबईत!’ आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. एखादी गोष्ट आधी घडली, एवढ्यावरून ती नंतरच्या गोष्टीचे कारण ठरत नाही. मुंबईची ही तबकडी शिकागोच्या तरुणांनी ऐकल्याचा पुरावा नाही. मग दोन्हींत साम्य कशामुळे? उत्तर त्या पेटीत आहे. एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या हातांत पडले आणि कंपनीने न योजिलेले काम दोघांनीही त्याच्याकडून करून घेतले. एकाने त्यात राग भरला. दुसऱ्यांनी खुंट्या फिरवून आवाजच बदलला. हे वंशाचे नाते नव्हे. समान साधनातून आलेले साधर्म्य आहे.

१०/
शिवाय सिंग यांना ‘जनक’ म्हणताना आपण नकळत त्यांचे स्वतःचे शब्द पुसतो. त्यांनी तबकडीवर ‘राग’ लिहिले, ‘डिस्को’ लिहिले. हाऊस ही संज्ञा त्यांच्या कामाला मागाहून चिकटवली गेली. शिकागोच्या फूटपट्टीने मोजल्यावरच मुंबईचे काम मोठे ठरावे, यात गौरवापेक्षा परावलंबनच अधिक आहे. भैरवाचे कोमल ऋषभ-धैवत यंत्राच्या ठोक्यावर कसे उभे राहतात, हा प्रश्न त्याहून रसाळ आहे आणि तो आपल्याच परंपरेतला आहे.

११/
मग संग्राहकांची ओढ कशाची? दुर्मीळतेची आहेच. पण खोलवर पाहता, बाजाराने नाकारलेल्या वस्तूत एक न घडलेला इतिहास शिल्लक असतो : येथून एखादी वाट फुटू शकली असती, ती फुटली नाही. सिंग यांना उतारवयात युरोपातील रसिकांपुढे हे राग वाजवता आले. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. ते सारी वर्षे मुंबईतच होते. ‘शोध’ लागला तो आपल्या दुर्लक्षामुळे, ते लपले होते म्हणून नव्हे.

१२/
१६ सप्टेंबर २०१७ रोजी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली. जुन्या चित्रपटांचे पोशाख आणि कितीतरी स्मृतिचिन्हे जळाली. पुढे २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. एकाच ठिकाणी, एकेकच असलेल्या वस्तूंचे भवितव्य असे असते. सिंग यांची तबकडी वाचली, कारण तिच्या प्रती विखुरल्या होत्या आणि त्यांतली एक कोणीतरी थांबून ऐकली.

म्हणून घरात जुन्या तबकड्या असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी वेष्टनावरचे शब्द वाचा, प्रकाशनाचे साल टिपा. ओळखीत एखादे वृद्ध वादक असतील, तर ते कोणत्या गाण्यात काय वाजवीत होते ते त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. श्रेयनामावलीत राहिलेली जागा भरून काढण्याचा दुसरा मार्ग नाही.