कल्हई व घरगुती भांड्यांची निगा

तांब्याच्या व पितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा पातळ मुलामा देण्याच्या क्रियेस कल्हई म्हणतात. हा मुलामा वापराने झिजतो. तो केव्हा झिजला हे ओळखून भांडे वेळीच कल्हईकराकडे देणे, ही महाराष्ट्रातील गृहव्यवस्थेची एक महत्त्वाची बाब होती.

घरातील कोणती वस्तू शुद्ध करून वापरावी व कोणती टाकून द्यावी, याचा विचार भारतात प्राचीन काळापासून झालेला आढळतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात व याज्ञवल्क्यस्मृतीत द्रव्यशुद्धीचे नियम आले आहेत. त्यांनुसार तांबे, कथिल इ. धातूंची भांडी क्षार, आम्ल व पाणी यांनी शुद्ध होतात. सच्छिद्र मृत्पात्र मात्र केवळ धुण्याने शुद्ध होत नाही. ते पुन्हा भाजावे लागते. धातूचे भांडे घासून वापरावयाचे आणि सुतक फिटल्यावर मातीचे भांडे टाकून नवे आणावयाचे, हा महाराष्ट्रातील रिवाज याच भेदाला धरून आहे. नवरात्रापूर्वी अंथरुणे-पांघरुणे धुऊन घर स्वच्छ करण्यास ‘दसरा काढणे’ म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिची पूजा करतात. अशा रीतीने अनेक वस्तूंच्या सफाईचा वा बदलाचा काळ सणांनी ठरवून दिलेला होता. कल्हईला मात्र अशी ठरावीक तिथी नव्हती. तिची वेळ भांड्याकडे पाहूनच ठरवावी लागे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात येणारे तांब्या-पितळेचे विलायती पत्रे आणि लोहमार्ग यांमुळे धातूच्या भांड्यांचा प्रसार वाढला. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील स्थानक आहे. ते ज्या टप्प्यात येते, तो दिक्सळ ते बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) हा टप्पा १८५९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही भांडी घडविण्यासाठी प्रसिद्ध होती. अवर्षणग्रस्त भागातील कुटुंबांच्या दृष्टीने हंडे, घागरी व पातेली ही केवळ स्वयंपाकाची साधने नव्हती, तर ती संकटकाळची पुंजीही होती. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमधील अनेक कुटुंबांना भांडी विकून धान्य घ्यावे लागले. भांडी अशी मोलाची असल्यामुळे ती टाकून न देता त्यांना पुनःपुन्हा कल्हई करून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत.

कृती : कल्हईकर गावोगाव फिरून जमिनीत लहान खड्डा करी व त्यात कोळसा पेटवून चामड्याच्या भात्याने वारा घाली. भांडे प्रथम राख, वाळू वा आम्ल यांनी घासून स्वच्छ करीत. मोठ्या भांड्यात वाळू टाकून, त्यात उभे राहून, पायांनी गोल फिरत ते घासले जाई. नंतर भांडे सांडशीत धरून तापवीत व त्यात नवसागराची पूड टाकीत. नवसागरामुळे धातूच्या पृष्ठावरील ऑक्साइड निघून जाते व कथिल नीट चिकटते. कथिल सु. २३२° से. तापमानास वितळते, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवरही हे काम होऊ शकते. वितळलेले कथिल कापसाच्या बोळ्याने सर्वत्र पसरून भांडे लगेच पाण्यात बुडवीत. कथिलात शिशाची भेसळ असल्यास कल्हई आरोग्यास अपायकारक ठरते.

झीज ओळखण्याच्या खुणा : चांगली कल्हई रुपेरी व चकचकीत दिसते. ती झिजली म्हणजे तळाशी व काठाशी तांब्याचा तांबूस किंवा पितळेचा पिवळसर रंग उघडा पडतो. अशा भांड्यात ताक, चिंचेचे सार यांसारखे आंबट पदार्थ ठेवल्यास ते ‘कळकतात’. म्हणजे आम्लाची धातूवर क्रिया होऊन त्यांचा रंग व चव बिघडते. भांड्यावर हिरवट जंगालही धरते. म्हणून उघड्या पितळेत आंबट पदार्थ ठेवू नयेत हा नियम घरोघरी पाळला जाई. दुधाच्या बाबतीत मात्र अशी ठळक खूण मिळत नाही. दूध नासलेले वा कळकलेले दिसत नसले, तरी त्यात तांबे उतरलेले असू शकते.

या गोष्टीचे गांभीर्य पुण्यातील संशोधनामुळे लक्षात आले. भारतीय बालकांमधील यकृत् सूत्रण रोग हा साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना होणारा, बहुधा प्राणघातक रोग होता व त्यात यकृतात तांब्याचा फार मोठा संचय आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शी. अ. भावे व आ. ना. पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ञ एम. एस. टॅनर यांनी सहकाऱ्यांसह याचा अभ्यास केला. १९८३ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रोगी बालकांना लहान वयातच वरचे दूध सुरू झालेले असून ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले वा साठविलेले असे, असे त्यांना आढळले. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, असेही पुढील प्रयोगांत दिसून आले. आनुवंशिक प्रवणतेचाही या रोगात वाटा असावा, असे काही तज्ञ मानतात. तथापि बालकांच्या दुधासाठी अशी भांडी वापरणे बंद झाल्यावर हा रोग अत्यंत विरळ झाला. रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत डी-पेनिसिलामाइन हे औषधही उपयुक्त ठरले.

विसाव्या शतकात प्रथम ॲल्युमिनियमची व पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी प्रचारात आली आणि कल्हईचा व्यवसाय क्षीण झाला. अलीकडे आरोग्यदायी म्हणून तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घेतली जात आहेत. परंतु फिरते कल्हईकर आता क्वचितच आढळतात आणि झीज ओळखण्याची नजरही नव्या पिढीत उरलेली नाही. अशा भांड्यांत आंबट पदार्थ शिजवावयाचे असल्यास आतील मुलामा अखंड आहे की नाही हे तपासणे आवश्यक आहे. लहान मुलांचे दूध तर त्यांत तापवू वा साठवू नये.