बोथट वस्तरा: धार लावण्याच्या एका विद्येची गोष्ट

१८९५ साल. बॉस्टन शहराला लागून असलेल्या ब्रुकलाइन गावी किंग कॅम्प जिलेट नावाचा चाळिशीतला एक फिरता विक्रेता सकाळी दाढी करायला आरशासमोर उभा राहिला आणि हातातला वस्तरा साफ बोथट झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. रोजच्याप्रमाणे चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवून भागण्यासारखे राहिले नव्हते. वस्तऱ्याला आता दगड हवा होता, आणि दगडावरचे काम म्हणजे न्हाव्याकडे किंवा सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिराकडे जाणे आले. ही हकिकत पुढे जिलेटने स्वतःच सांगून ठेवली आहे.

त्या सकाळीतून काय निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. आजच्या धाग्याचा विषय मात्र त्या सकाळीच्या अलीकडचा आहे. जे काम टाळण्यासाठी एका माणसाने अख्खा उद्योग उभा केला, ते काम नेमके होते तरी काय? आणि ज्याला ते येत नाही, तो ते शिकत कसा असे?

आधी धार म्हणजे काय, ते पाहू. वस्तऱ्याच्या पात्याला दोन कडा असतात. एक जाड, तिला पाठ म्हणू, आणि दुसरी धारेची. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे कोन किती ठेवायचा, हा सुरी पाजवणाऱ्याला छळणारा प्रश्न इथे उरतच नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतूनच तो ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. घासताना पाठही झिजते आणि धारही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षे वापरूनही हा कोन फारसा बदलत नाही. वस्तऱ्याच्या रचनेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट, आणि नवशिका सर्वप्रथम जी मोडतो तीही हीच. धार लवकर लागावी म्हणून तो पाठ किंचित उचलतो. तसे केले की धार येते खरी, पण ती जाड आणि ठोकळ येते. लाकूड तासायला ती चालेल, गालाला चालत नाही.

ही विद्या सामान्य माणसासाठी पहिल्यांदा नीट लिहून काढणाऱ्यांत एक नाव ठळक आहे. जाँ-झाक पेरे हा पॅरिसमधला सुऱ्या-वस्तऱ्यांचा उस्ताद कारागीर. १७६९ साली त्याचे ‘ला पोगोनोतोमी’ हे पुस्तक निघाले. नाव भारदस्त वाटते, पण ग्रीक शब्दांतून फोड केली तर अर्थ एवढाच, की दाढी कापणे. उपशीर्षक अधिक बोलके होते: स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला. त्याच पुस्तकात धारेसाठी योग्य दगड कसे ओळखावेत आणि वस्तरा फिरवण्याचे चामडे कसे तयार करावे, याचीही माहिती होती.

यातले धाडस आज चटकन जाणवत नाही. त्या काळच्या पॅरिसमध्ये दाढी करणे हा न्हावी आणि केसांचे टोप बनवणाऱ्यांच्या संघटित व्यवसायाचा भाग होता. वस्तरा कुणीही विकत घेऊ शकत होता, पण तो धारदार ठेवण्याचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे, हाताकडून हाताकडे जाई. पेरेने ते छापले. त्याने एक सावध तोडही सुचवली होती: सुताराच्या रंध्यात जसे पाते थोडेसेच बाहेर डोकावते, तसे वस्तऱ्याच्या पात्याला आवरण घालावे, म्हणजे नवख्याचा गाल कापला जाणार नाही. सुरक्षित वस्तऱ्याच्या वंशावळीत हे आवरण पहिल्या काही पिढ्यांत मोडते. दोनच वर्षांनी, १७७१ साली, पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या कला-व्यवसायांवरील ग्रंथमालेत त्याचा सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यावरचा ग्रंथही आला.

प्रत्यक्ष काम असे चाले. दगड सपाट हवा. मधोमध खोलगट झालेल्या दगडावर वस्तरा कधीच नीट बसत नाही. पाणी (काही दगडांना तेल) घालून पाते आडवे ठेवायचे आणि धार पुढे करून ढकलायचे, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. टोकाशी पोचल्यावर पाते उलटवायचे ते पाठीवर, धारेवर कधीही नाही, आणि तसेच परत आणायचे. पाते दगडापेक्षा लांब असेल तर ढकलताना ते तिरपे सरकवायचे, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत सगळ्या धारेला दगड लागतो. चामड्यावर याच्या अगदी उलट: तिथे पाठ पुढे, धार मागे. सवयीने कुणी चामड्यावरही धार पुढे केली तर चामडे कापले जाते आणि धारही गोल होते. एका क्षणात दोन्ही वस्तू वाया.

आणि जोर. जोर द्यायचा नाही, हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो. पहिल्या, खरखरीत दगडावर दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत मिळेपर्यंत थोडा भार चालतो. ते मिळाले की नाही हे पाहायला आजचे शिकाऊ धारेवर काळ्या पेनाची रेघ ओढतात आणि दगडावर दोन-चार वेळा फिरवतात. शाई जिथे टिकली, तिथे दगड लागलेलाच नाही. हे उतार मिळण्याआधीच बारीक दगडाकडे धावणे ही नवशिक्याची दुसरी ठरलेली चूक. मग तो तासभर गुळगुळीत दगडावर पाते फिरवत बसतो. पाते आरशासारखे चमकते आणि केस मात्र कापत नाही. पुढच्या प्रत्येक दगडावर भार कमी करत जायचा, आणि शेवटी पात्याचे स्वतःचे वजन तेवढे उरू द्यायचे.

दगडांचा भूगोल हा वेगळाच मोठा विषय आहे. बेल्जियमच्या आर्देन भागात व्हिएल्साल्म परिसरात कोतिक्यूल नावाचा पिवळसर दगड सापडतो. त्याच्या मऊ अंगात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात आणि पोलाद कापतात ते तेच. या पिवळ्या दगडाचे थर इतके पातळ, की वड्या काढून त्या गडद पाटीच्या दगडावर चिकटवून विकल्या जात. त्यावर छोटा दगड घासून दुधासारखा लगदा करायचा, त्यात वस्तरा फिरवायचा, मग थेंबाथेंबाने पाणी घालत तो लगदा विरळ करत न्यायचा. एकाच दगडावर खरखरीत ते मुलायम असा सारा प्रवास होतो. त्या भागात आज या दगडाचे संग्रहालय आहे. जर्मनीत थुरिंगियाचे दगड नावाजलेले, इंग्लंडात लेस्टरशरमधील चार्नली फॉरेस्टचे. अमेरिकेतील आर्कन्सॉच्या प्रसिद्ध दगडाला भूशास्त्रात ‘नोव्हॅक्युलाइट’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘नोवाक्युला’ म्हणजे वस्तरा. खडकाच्या नावातच न्हावी येऊन बसला आहे.

दगड कितीही उत्तम असला तरी धार शेवटी पोलाद देते. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी चांगल्या पोलादाचा शोध घेता घेता मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. शेफील्डच्या कारागिरांनी आधी ते पोलाद नाकारले, फार कठीण म्हणून. हंट्समनने ते फ्रान्सला विकले. फ्रेंच माल भारी पडू लागला तेव्हा शेफील्डचे डोळे उघडले.

याच शतकाच्या अखेरीस या गोष्टीत मुंबई येते. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ नावाच्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. हे पोलाद मूळचे दक्षिण भारतातले, पण १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला तेव्हा शीर्षकात ते ‘मुंबईत तयार होणारे’ पोलाद झाले! बंदराचे नाव मालाला चिकटण्याचा हा जुनाच प्रकार. लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट याने त्या नमुन्यातून एक छोटी सुरी घडवली, आणि ती त्याला इतकी भावली, की पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्याने छापून टाकले: शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे भारतातील वुट्झ पोलादाचे, अनेक वर्षे तुलना करून युरोपच्या उत्तम पोलादाहून सरस ठरलेले.

हाच स्टोडार्ट पुढे एका तरुण संशोधकासोबत वुट्झचे गुपित उकलायला बसला. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे, एका लोहाराचा मुलगा. दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ साली निष्कर्ष छापले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी, हे त्यांचे एक लाडके मिश्रण. वीज आणि चुंबकाचा फॅरडे सर्वांना माहीत असतो. मित्रांना आपल्या पोलादाचे वस्तरे भेट देणारा फॅरडे फारसा कुणाला माहीत नसतो.

या चकचकीत पात्यांना दुसरी बाजू होती आणि ती काळी होती. एकोणिसाव्या शतकात पाते दोन्ही अंगांनी पोकळ घासण्याची पद्धत रूढ झाली. पातळ पाते लवचीक होते, दगडावर लवकर धरते आणि नवशिक्याला सोपे जाते. जुनी पाचरीसारखी जाड शेफील्ड पाती याउलट नवख्याचा घाम काढतात. पण शेफील्डमध्ये पाती घासणाऱ्याला फिरत्या चाकावर वाकून बसावे लागे, आणि दगडाची व पोलादाची धूळ थेट छातीत जाई. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांच्या नोंदी फ्रेडरिक एंगल्सने १८४५ साली उद्धृत केल्या: कोरडे घासकाम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे, आणि ओल्या दगडावर काम करणारेही क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. लंडनच्या सभ्य गृहस्थाच्या गुळगुळीत हनुवटीची किंमत अशी कुठेतरी दूर चुकती होत होती.

महाराष्ट्रात ही विद्या गावगाड्यात होती. बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, आरसा, पाण्याची वाटी आणि धार लावायचा निसणा असे. दगडावरून उतरलेला वस्तरा शेवटी तळहातावर फिरवला जाई. पेरेसारखे पुस्तक इथे कुणी लिहिले नाही, कारण वाचणाऱ्याला त्याची गरज नव्हती आणि गरज असलेल्या मुलाला बाप समोर बसलेला होता. दगडाचा आवाज बदलला की थांबायचे, हे कागदावर उतरतही नाही. हात बसायला वर्षे लागत, आणि चुकले तर गिऱ्हाईक गावभर सांगे.

धार मुळात जाते तरी का? पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण आहे. तरीही केस त्याला हरवतो. २०२० साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली (अक्षरशः!) आणि त्यांना दिसले, की केस वाकून तिरपा लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो. रोजचे चामडे वाकलेली धार सरळ करते, पण उडालेला टवका भरून काढत नाही. म्हणून दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दगडाची पाळी येतेच.

जिलेटवर ती पाळी १८९५ साली आली होती. बाटल्यांची पत्र्याची बुचे शोधणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला आधीच सल्ला दिला होता, की वापरून फेकून देता येईल असे काहीतरी शोध. कागदासारखे पातळ पोलाद कडक कसे करायचे, हा पेच सोडवायला वर्षे गेली. तो विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी सरकारने सुमारे पस्तीस लाख संच घेतले. जाहिरातीतले वचन एका ओळीचे होते: चामडे नको, दगड नको. दाढी सुरेख होईल, हे त्यानंतर. भारतातल्या सलूनमध्ये जुना वस्तरा यानंतरही बराच काळ टिकला. पुढे एचआयव्हीच्या भीतीने आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते वापरण्याच्या आग्रहाने तोही मागे पडला. आकार तोच राहिला, पण आत अर्धे मोडलेले ब्लेड आले आणि निसणा धोकटीतून गेला.

आज जुन्या बाजारातून एखादा शेफील्ड किंवा सोलिंगेनचा वस्तरा घेऊन शिकायला बसणारे पुन्हा दिसतात. अशा वस्तऱ्याची पाठ उजेडात तिरपी धरली, तर तिच्यावर एक चपटी चमकती पट्टी दिसते. ती आधीच्या मालकाच्या दगडाची खूण. पट्टी सगळीकडे सारखी अरुंद असेल, तर त्याचा हात हलका होता. मुठीकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती असेल, तर तो एका बाजूला रेटत होता. आणि ती दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रुंदीची असेल, तर बहुधा पाते उलटवल्यावर त्याचा जोर बदलत होता, कदाचित कधीच न सुटलेल्या सवयीने. नव्या शिकाऊला पहिल्या दिवशी आधी ही पट्टी वाचावी लागते, कारण त्याचे पाते दगडावर कसे बसणार, हे तिनेच ठरवलेले असते.