सेवकाच्या शुभ्र वेषाची कुळकथा

वैशाखाचे ऊन घाटाखालच्या शेगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात असह्य होऊ लागले आणि विदर्भातल्या शाळांना दीर्घ सुटी लागली, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या गावोगावच्या देवळांच्या सभामंडपांत, आश्रमांच्या आवारांत आणि क्वचित शाळांच्या ओसरीवर मुलांची संस्कार-शिबिरे भरू लागतात. पहाटेचा काकडा, सकाळचा गीतापाठ, दुपारी टाळ-मृदंगाचे धडे आणि सायंकाळी पावल्यांसह हरिपाठ असा त्यांचा क्रम असतो. आणि हा सारा व्याप सांभाळणारे शिक्षक व स्वयंसेवक, घाटावरच्या चिखली-मेहकरकडचे असोत की घाटाखालचे असोत, बहुधा एकाच वेषात दिसतात : पांढरे धोतर किंवा विजार, पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणे, गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी गोपीचंदनाचा टिळा. हा दंडक कोणत्याही सरकारी परिपत्रकाने घालून दिलेला नाही. पुष्कळ ठिकाणी तो कागदावर उतरलेलाही नसतो. तथापि मळका सदरा घालून मुलांपुढे उभा राहणारा शिक्षक गावकऱ्यांना खपत नाही. एवढा दृढ नियम कोठून आला, कोणकोणत्या प्रवाहांनी तो घडवला आणि त्याच्या मुळाशी कोणता विचार आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

सेवकाचा वेष समजून घ्यायचा, तर त्याआधी या प्रांताने पाहिलेला सत्तेचा वेष ध्यानात घ्यावा लागतो. वऱ्हाड शतकाहून अधिक काळ निजामाच्या अमलाखाली होते. १८५३ च्या तहाने ते कंपनी सरकारच्या ताब्यात गेले आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले. अंमल बदलला तरी कचेरीचा थाट फारसा बदलला नाही. साहेबाच्या दालनाबाहेर उभा राहणारा चपराशी अंगावर रुंद पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला मिरवीत असे, आणि त्या बिल्ल्याचे प्रयोजन एवढेच होते की, हा माणूस कोणाच्या हुकुमाने बोलतो हे अर्जदार रयतेस कळावे. पट्टेवाल्याचा स्वतःचा सदरा स्वच्छ आहे की नाही याची फिकीर रयतेने करण्याचे कारण नव्हते. बिल्ला लखलखीत असला म्हणजे पुरे. हा वेष पाहणाऱ्यास बांधून टाकणारा होता. त्यापुढे वाकावयाचे ते रयतेने. घालणाऱ्यावर त्या वेषाचे बंधन जवळजवळ काहीच नव्हते.

याच्या नेमकी उलट दृष्टी वारकरी संप्रदायाने शतकानुशतके जोपासली होती. वारकऱ्याची तुळशीची माळ हे अलंकरण नसून प्रतिज्ञेचे चिन्ह आहे : ती गळ्यात घालताना मद्यमांसाचा त्याग, एकादशीचे व्रत आणि पंढरीची वारी यांचा स्वीकार करावयाचा असतो, आणि नियम मोडला तर ती माळच घालणाऱ्याविरुद्ध साक्ष देते. गोपीचंदन द्वारकेजवळच्या मातीचे. ते कपाळी लावण्यास दमडीही पुरेशी असे, त्यामुळे श्रीमंताच्या आणि गरिबाच्या कपाळात भेद उरत नसे. मात्र आज दिंडीत सर्वत्र दिसणारी पांढरी टोपी आणि नेहरू शर्ट ही जोडी ज्ञानदेव-तुकोबांच्या काळापासून चालत आली असावी, असा जो सामान्य समज आहे, तो टिकणारा नाही. जुना वारकरी धोतर, बंडी किंवा बाराबंदी आणि डोक्याला पागोटे अथवा मुंडासे अशा आपापल्या गावच्या नित्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून चालत असे. माळ, टिळा आणि पताका ही संप्रदायाची. बाकीचे वस्त्र ज्याच्या त्याच्या घरचे.

या विस्कळीत वेषाला शिस्तीचे रूप येण्याचे एक मोठे कारण म्हणजे विष्णु नरसिंह जोग यांनी १९१७ साली आळंदीस स्थापिलेली वारकरी शिक्षण संस्था होय. जोगमहाराज तालमीत घुमलेले मल्ल होते, आणि परमार्थ शिकवणाऱ्याने आधी स्वतःचा आचार चोख ठेवला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. चार वर्षे मधुकरीवर आणि एकत्र निवासात काढणारे विद्यार्थी एका वेषात वावरू लागले, हे स्वाभाविकच होते. आणि तेथून शिकून बाहेर पडलेले कीर्तनकार व प्रवचनकार जेव्हा विदर्भातल्या आपल्या खेड्यांत परतले, तेव्हा पाठांतराबरोबर तो वेषही त्यांच्यासवे आला. उन्हाळ्यात गावच्या मुलांना गोळा करून टाळ-मृदंग शिकवण्याची प्रथा पुढे याच परंपरेतून रुजली.

दुसरा प्रवाह खादीचा, आणि त्याचा बुलढाणा जिल्ह्याशी असलेला संबंध फार जवळचा आहे. या जिल्ह्यातले खामगाव हे वऱ्हाडी कापसाचे अग्रगण्य बाजारपेठेचे ठिकाण. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तेथवर आगगाडीचा फाटा सुरू झाला, तो मुख्यतः कापसाच्या गाठी मुंबई बंदरास आणि तेथून विलायतेस लवकर पोहोचाव्यात म्हणून. ज्या काळ्या जमिनीत कापूस पिकत होता, तिथल्याच कुणब्याच्या अंगावर गिरणीचे परदेशी कापड येत होते. म्हणून १९२० च्या डिसेंबरात नागपुरास भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराला मान्यता दिली आणि खादीचा संदेश वऱ्हाडात पोहोचला, तेव्हा कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्यातला अर्थ कोणी निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

या खादीच्या वेषाचे शिरोभूषण म्हणजे पांढरी टोपी, आणि ती कशी ठरली याची हकीकत काका कालेलकरांनी गांधीजींशी झालेल्या बोलण्याच्या आधारे नोंदवून ठेवली आहे. देशातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या शिरोवेष्टनांचा गांधीजींनी विचार केला. पागोट्यास पुष्कळ कापड लागते, म्हणून ते मागे पडले. काश्मिरी घडीची टोपी हलकी, शिवण्यास सोपी आणि खिशात मावणारी, म्हणून तिचा आकार पसंत पडला, परंतु ती लोकरीची होती, तेव्हा लोकरीऐवजी सुती कापड घेतले. राहिला प्रश्न रंगाचा. गडद रंगावर घाम आणि मळ दिसत नाही. पांढऱ्यावर तो तत्काळ दिसतो आणि टोपी धुणे भाग पडते, म्हणून रंग पांढराच ठरला. मळ लपवणारा रंग सोईचा असतो हे जाणूनही, मळ उघडा करणारा रंग बुद्धिपुरस्सर निवडला गेला, ही या कुळकथेतली सर्वांत महत्त्वाची घटना मला वाटते. गांधीजींनी स्वतः २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरा येथे टोपी आणि सदरा दोन्ही टाकून पंचा स्वीकारला. टोपी मात्र त्यांच्या नावाने देशभर राहिली, आणि सरकारी कचेऱ्यांत व न्यायालयांत तिला ठिकठिकाणी मनाई होऊ लागली तसतशी ती अधिकच प्रतिष्ठित झाली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने ती इतकी आपलीशी केली की पुढे पागोट्याची जागा तिने घेतली, आणि शेतकरी हाच वारकरी असल्यामुळे ती दिंडीतही आपसूक शिरली.

तिसरा प्रवाह बालवीर चळवळीचा, आणि तो या दोहोंहून अगदी भिन्न भूमीतून निघाला. मुलांचे शिबिर, त्यात मुलांच्या लहान तुकड्या आणि त्यांना सांभाळणारे गणवेशधारी नायक ही आजची परिचित मांडणी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर केलेल्या प्रयोगातून पुढे आली. सधन घराण्यांच्या शाळांतली आणि कष्टकऱ्यांची अशी दोन्ही प्रकारची मुले त्यांनी तेथे एकत्र आणली होती, आणि समान वेष हा त्या दोहोंतला अंतराय कमी करण्याचा उपाय होता. बेडन-पॉवेल १८७६ साली घोडदळातला तरुण अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले होते; आणि बालवीरांच्या अंगावर जो खाकी रंग पुढे चढला, तो हिंदुस्थानी लष्करातच, पेशावरच्या सरहद्दीवर उभारलेल्या गाइड्स पलटणीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेला, धुळीत मिसळून जाणारा रंग होता. गळ्यातला त्रिकोणी स्कार्फ उन्हापासून मान वाचवी आणि प्रसंगी जखमी हाताची झोळी होई. मुलांनी जे ल्यावे तेच नायकानेही ल्यावे आणि अधिक नीटनेटके ल्यावे, या गोष्टीवर बेडन-पॉवेल यांचा कटाक्ष होता.

हिंदुस्थानात आरंभी या चळवळीचे दार केवळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच खुले होते. १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासेत हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली आणि विलायती टोपाऐवजी हिंदी फेटा दिला. १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीचे बालवीर उभे केले. हे निरनिराळे ओघ अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स अँड गाइड्स या संस्थेत एकत्र आले. याच काळात मराठी मुलखातही स्वतःची शिबिर-परंपरा बाळसे धरीत होती : ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली. आणि विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाने मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव प्रार्थना, श्रमदान आणि व्यायाम यांची जोड घालणारे कार्यकर्ते पाठवले. त्यांच्या डोक्यावरची भगवी टोपी आजही उन्हाळी सुसंस्कार शिबिरांत वऱ्हाडातल्या मुलांच्या ओळखीची आहे.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रवाहांचा संगम शेगावी पाहावा. गजानन महाराज १८७८ साली तेथे प्रकट झाले आणि १९१० साली समाधिस्थ झाले. संस्थानाची स्थापना त्यांच्या हयातीतच, १९०८ साली झाली. महाराज स्वतः दिगंबर वृत्तीचे, देहभान आणि वस्त्रभान दोन्ही ओलांडून गेलेले. असे असता त्यांच्या संस्थानातल्या सेवेकऱ्यांचा शुभ्र वेष आणि टापटीप ही महाराष्ट्रभर दाखला म्हणून सांगितली जावी, यात वरवर पाहता विसंगती वाटेल. परंतु ती विसंगती नाही. विरक्ताला वस्त्राचे बंधन नाही, कारण त्याला कोणाकडून काही घ्यावयाचे नाही. सेवेकऱ्याला ते आहे, कारण त्याच्या हाती अन्न, पाणी, रांग आणि थकलेल्या भाविकाचा हात सोपवलेला असतो. कै. शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके जी शिस्त येथे रुजवली, तिच्यात आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आणि नोकरदार पाळीपाळीने, विनामोबदला सेवेस येतात, आणि समोरच्या प्रत्येकाला, मग तो गृहस्थ असो वा भिक्षेकरी, ‘माउली’ म्हणून हाक मारतात. वेष आणि संबोधन येथे एकमेकांस पुरे करतात : वेष सांगतो की मी सेवक आहे, आणि संबोधन सांगते की तुम्ही माझे धनी नसून आई आहात. आषाढी वारीस पंढरपूरकडे निघणारी शेगावची पालखी याच शुभ्र रांगांसाठी वाटेवरच्या गावांत ओळखली जाते.

या तिन्ही प्रवाहांची शिकवण एकवटून पाहिली, तर असे दिसते की सेवकाच्या वेषाचा नियम हा मूलतः सेवकाला बांधणारा नियम आहे. माळ त्याच्या आहाराला बांधते, पांढरा रंग त्याच्या स्वच्छतेला बांधतो, समान वेष त्याच्या संपत्तीच्या प्रदर्शनाला बांधतो. चपराशाच्या बिल्ल्याने रयतेला नजर खाली करावयास लावली; सेवकाच्या शुभ्र सदऱ्याने पाहणाऱ्याच्या हाती तपासणीचा अधिकार दिला. आणि शिबिरात हा पाहणारा कोण असतो? घरापासून प्रथमच दूर राहिलेले आठ-दहा वर्षांचे मूल. रात्री ताप भरला, भीती वाटली, कोणी मारले किंवा आणखी काही वाईट घडले, तर धावत कोणाकडे जावयाचे हे त्या मुलाला दुरून, क्षणात कळले पाहिजे. वेषाचे पहिले कर्तव्य ते हेच.

म्हणूनच आज जेथे जेथे उन्हाळी शिबिराचे चालक सेवकांच्या पोशाखाचे नियम लिहावयास बसतील, तेथे त्यांनी या कुळाची आठवण ठेवावी असे मला अंतःकरणपूर्वक वाटते. घाटाखालच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात सुती, सैल आणि रोज धुता येईल असेच वस्त्र असावे. एक जोड अंगावर आणि एक वळणीवर एवढ्यात भागेल, इतके ते स्वस्त असावे, जेणेकरून गरीब घरचा स्वयंसेवक संकोचाने मागे राहणार नाही. नखे कापलेली असावीत, मुलाला बोचेल असा दागिना नसावा, तंबाखूचा डाग ओठावर नसावा. छातीवर नाव मोठ्या अक्षरांत असावे, कारण ज्याचे नाव ठाऊक आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, आणि तक्रारीची ही वाट मोकळी असणे हे मुलाचे संरक्षण आहे. शिबिर संप्रदायाचे असेल तर माळ आणि टिळा त्याला शोभतातच. परंतु सर्व धर्मांची मुले जेथे येतात तेथे कोणत्याही मुलाला परके वाटणार नाही अशी साधी खूण निवडावी. सेविकांवर पुरुषांहून अधिक जाचक निर्बंध लादू नयेत. जो निकष स्वच्छतेचा आणि सोईचा, तोच दोघांना लागू असावा. आणि मुलांना जो नियम सांगितला, तो सांगणाऱ्याने आधी पाळावा.

ज्या दिवशी हा वेष प्रतिष्ठेचा होईल, त्याच्या इस्त्रीची चर्चा त्याच्या सेवेहून अधिक होईल, किंवा तो घातलेल्या माणसाला प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाईल, त्या दिवशी पितळी बिल्लाच पांढऱ्या कापडात गुंडाळून परत आला असे समजावे. पांढरा रंग निवडणाऱ्यांनी तो डाग दिसावा म्हणून निवडला होता. तेव्हा डाग दाखवणाऱ्या मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे आणि तो डाग धुऊन काढणे, हे त्या वेषाच्या नियमांतले अखेरचे आणि सर्वांत कठीण कलम होय. ते जो पाळील, त्यालाच तो वेष अंगावर घालण्याचा अधिकार आहे.