थापटण्याची परीक्षा

माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते हमालांच्या अड्ड्यावर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा ज्ञान म्हणजे काय, हे विद्वानांनी सांगावे. ज्ञान जवळ असून ते वेळेला कामी न आणल्यास काय होते, एवढेच मी सांगू शकेन. आणि हिंगोलीत उभे राहून हा विषय काढावयाचा, तर नामदेवांपासूनच आरंभ करावा लागेल.

नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु आपल्या जिल्ह्यातील नरसी हेच त्यांचे गाव, अशी येथील दृढ श्रद्धा आहे. त्यांच्याविषयीची एक कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. संतांची बैठक भरली होती. मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, यांत कच्चे मडके कोणते? तेरचा तो कुंभार; त्याने थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणून पाहिले. इतरांनी ते मुकाट्याने सोसले. नामदेव मात्र रागावले. आणि गोरोबांनी निकाल दिला, हे मडके कच्चे!

वस्तुतः नामदेवांना काय ठाऊक नव्हते? विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती होती. तरी त्यांना गुरू करावा लागला, आणि त्यासाठी ते आपल्याच औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव. तशी जागा नामदेवांना सापडली नाही.

आता हे विसोबा तरी मूळचे कोण? परंपरा सांगते, की हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचे कट्टर विरोधक होते. मुक्ताबाईला मांड्यांसाठी खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना दटावले होते. शास्त्र त्यांना तेव्हाही ठाऊक होते. पण ते खर्ची पडत होते एका पोरक्या मुलीची चूल अडविण्यात. पुढे त्यांना पश्चात्ताप झाला. विद्या तीच राहिली, तिचा उपयोग तेवढा बदलला.

या कथा झाल्या. संतपरंपरेने त्या जपल्या आणि महिपतींनी १७६२ च्या 'भक्तविजया'तून त्या घरोघर नेल्या. इतिहासाच्या कसोटीला त्यांतील प्रत्येक तपशील उतरेल असे नाही. परंतु नामदेवांचे मडके पक्के झाले की नाही, हे मला औंढ्याच्या कथेत दिसत नाही. ते दिसते मंगळवेढ्यात.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली राबणारी माणसे गाडली गेली. त्यांत चोखामेळा होते. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, अशा माणसाची हाडे कोण शोधणार? नामदेव तेथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी वेचली, असे परंपरा सांगते. ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांनी समाधी बांधविली. तेव्हा नामदेव सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. सर्वत्र देव आहे हे ज्ञान औंढ्यात मिळाले. ते वापरले गेले दगडमातीच्या ढिगाऱ्यात.

हे मला का सांगावेसे वाटते? तीस वर्षांपूर्वी एका बाजारात पोत्यांची थप्पी अंगावर पडून आमचा एक हमाल दगावला. त्या वेळी लागू असलेला नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा मला तोंडपाठ होता. मी दुसऱ्याच दिवशी सभा घेतली, कलमे धडाधड म्हणून दाखविली, टाळ्या घेतल्या. पण त्या दिवशी थप्पीपाशी कोण होते, त्यांची नावे मी लिहून घेतली नाहीत. मयताचे नाव कोणत्याच हजेरीपत्रकावर नव्हते, आणि महिन्याभरात साक्षीदार ऊसतोडीला पांगले. दावा पुराव्याअभावी गेला. त्याची बायको मला म्हणाली, "दादा, कायदा हाय म्हनला व्हता ना तुमी?" तिच्या आवाजात रागही नव्हता. गोरोबांचे थापटणे मला त्या दिवशी लागले.

त्यानंतर कायदा वाचण्याचे मी सोडले नाही. कोणी सोडूही नये. अज्ञानाने कोणाचेच भले होत नाही. पण खिशात एक वही ठेवू लागलो: कोण हमाल, कोणाच्या गाळ्यावर, कोणत्या दिवशी, किती पोती. तिची अक्षरे वाकडी आहेत आणि तिच्यावर कधी टाळ्या पडल्या नाहीत. परंतु पुढे दोन घरांना भरपाई मिळाली ती या वहीमुळे.

आता आमच्याकडे नवा शिकलेला कार्यकर्ता आला, म्हणजे त्याला मी कलमे विचारीत नाही. ती त्याला माझ्याहून अधिक येतात. मी एवढेच विचारतो, की बाबा रे, गेल्या आठवड्यात तू कोणाच्या घरी जाऊन आलास?