वाणगावच्या दोन वाटा

वाणगाव स्टेशनापासून एक वाट पश्चिमेला तारापूरच्या किल्ल्याकडे जाते, दुसरी पूर्वेला वारल्यांच्या पाड्यांकडे.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूर पोर्तुगीजांकडून जिंकले. तिथे पडलेल्या बाजी भिवरावांचे नाव इतिहासाने जपले. पुढे इंग्रजी अमलात जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या आणि वारली आपल्याच रानात वेठीला लागले. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर पाठीशी उभे राहिले, तेव्हा वारल्यांनी वेठ नाकारली. तीही लढाईच की!

गुरुजी, मुलांना किल्ला जरूर दाखवा. पण दुसऱ्या वाटेनेही न्या. वेठीच्या गोष्टी ऐकलेली म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांचे बोल वहीत उतरवून घ्या.